माझी हरकत

३ सप्टेंबर

आजपासून मी रहिवासी मंचाची पगारी कार्यकर्ती. काम प्रचाराचं आणि लिखाणाचं. घरी आल्या आल्या आईला सांगितलं. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिने नुसती मान हलवली. टाचण्या काढल्यावर म्हणाली, "बसून काम आहे ना? मग झालं."

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वाटलं होतं, आई निदान मशीन थांबवेल. गणवेशांचा हंगाम आहे हे मलाही कळतं, पण मशीन थांबवायला कितीसा वेळ लागतो?

मामा इस्त्री फिरवता फिरवता म्हणाला, "म्हणजे आता देश कसा चालवायचा ते तू ठरवणार. मग आधी सरकारला सांग, या इस्त्रीची वायर बदल. रोज झटका देते." मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आमच्या शिवणाच्या दुकानात इस्त्री आणि काज-बटणं त्याच्याकडे. बाबा गेल्यापासून दुकान या दोघांनीच ओढलंय.

आता तिघं आहेत. खिडकीजवळच्या मशीनवर ती बसते. गेल्या वर्षी सीमेपलीकडून आली. तिला नाव आहे, पण इथे मी तिला पाहुणी म्हणणार. पाहुणी म्हणजे जी परत जाते ती.

मंचाचे अध्यक्ष सर आहेत. पूर्वी शाळेत इतिहास शिकवायचे. आज त्यांनी मला नवा कायदा समजावून सांगितला, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. बाहेरून आलेल्या माणसाने इथे कायमचं राहावं की नाही, हे यापुढे राजधानीतली कचेरी ठरवणार नाही. वस्ती ठरवेल. वस्तीसभा भरेल, तो माणूस समोर उभा राहील. ओळखणारे दोघे त्याच्या बाजूने बोलतील. ज्याची हरकत असेल त्याने उभं राहून, आपलं नाव सांगून, तोंडावर सांगायची. आणि सभेने एकच प्रश्न ठरवायचा : ही व्यक्ती इथे कुणाची तरी झाली आहे का?

सर म्हणाले, "अनोळखी माणसावर दया करता येते. विश्वास ठेवायला मात्र ओळख लागते. आणि ओळख काही राजधानीत बसून होत नाही."

मला असंच काहीतरी ऐकायचं होतं, इतकी वर्षं. दार बंद करा असं सर म्हणत नाहीत. दार आहे हे विसरू नका, एवढंच म्हणतात.


९ सप्टेंबर

दुपारी आईचा डबा द्यायला दुकानात गेले. बाहेरूनच हसण्याचा आवाज. आई हसत होती. तोंडावर हात न धरता. मी आत गेले तशी दोघी गप्प झाल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही गं. हिने गिऱ्हाइकाला 'तुमची मान काढून ठेवते' म्हणून सांगितलं. माप म्हणायचं होतं." आणि आई पुन्हा हसायला लागली.

आईचा दुकानात एक नियम आहे. आत आपलीच भाषा बोलायची. चुकली तरी चालेल, मोडकीतोडकी चालेल, पण आपलीच. हा नियम मला पटतो, मी पत्रकात घालणार आहे. पण नियम पाळणाऱ्याचं इतकं कौतुक करायचं काय कारण? मी जन्मापासून पाळतेय.

निघताना पाहुणी म्हणाली, "आई, पांढरा दोरा संपला."

मी थांबले. "कुणाला आई म्हणालीस?"

"हिला." सरळ माझ्या आईकडे बोट. शिष्टाचारही नाही.

"मालकीणबाई म्हणायचं."

"म्हणू दे," आई खालची मानही वर न करता म्हणाली. "शब्द तिच्या तोंडातून येतोय, तुझं तोंड का दुखतं?"

मामाने हवेत नाक फिरवून वास घेतला. "काहीतरी जळतंय. इस्त्री तर बंद आहे."

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मला आज समजली. शाळेत नुसती पाठ केली होती.


१७ सप्टेंबर

पत्रकाचा पहिला मसुदा सरांना दिला. मी फार मनापासून लिहिला होता. घराला उंबरा असतो म्हणून घर घर असतं, उंबरा नसेल तर तो रस्ता. येणाऱ्याने उंबऱ्याबाहेर थांबून हाक मारावी, आणि घरातल्यांनी ओळख पटल्यावर 'ये' म्हणावं. यात दुष्टपणा कसला? जे स्वतःच्या घरात आपण सगळे करतो, ते देशाने केलं की लगेच निर्दय कसं ठरतं? आणि ओळख पटवायचं काम शेजाऱ्यांचं आहे, शिपायाचं नाही.

सर म्हणाले, "छान. फार छान." मग चष्मा वर सरकवून एका वाक्यावर थांबले. ते वाक्य असं होतं : 'काल आलेलीला पहिला घास, आणि जी वीस वर्षं रांगेत उभी आहे ती उपाशी, हा कुठला न्याय?'

"वीस वर्षं रांगेत कोण उभं आहे?" सरांनी विचारलं.

"नागरिक. सामान्य नागरिक."

"तुझं वय काय?"

"एकवीस."

"हं," असं म्हणून त्यांनी ते वाक्य खोडलं. "हे देशाबद्दल नाही."

मला समजलं नाही. ते सगळ्यात चांगलं वाक्य होतं.


२६ सप्टेंबर

आज जे बघितलं ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिते.

आमच्या दुकानात कापड एकच माणूस बेततो. आई. शिवायला कुणीही बसेल, टीप कुणीही मारेल, पण मोठी कात्री दुसऱ्याच्या हातात जात नाही. शिवण चुकलं तर उसवता येतं, कापलेलं जोडता येत नाही, म्हणून. मी लहान असताना ती कात्री नुसती उचलली तर आईने माझ्या हातावर फटका मारला होता. "तुझ्या हातात पुस्तक. समजलं?" तेव्हापासून मी तिला हात लावलेला नाही. मशीनलाही नाही. तुटलेलं बटण मामा लावून देतो. कॉलेजात मैत्रिणी हसायच्या, शिंपिणीची मुलगी आणि साधी सुई ओवता येत नाही.

आज संध्याकाळी गेले तर कापडाच्या टेबलाशी पाहुणी उभी. हातात मोठी कात्री. आई शेजारी, तिचं मनगट फडक्याने बांधलेलं. आई नुसतं बोलत होती. "थांबू नको मध्येच. कात्री थांबली की कापडाला कळतं. हं, अशी. श्वास सोड."

श्वास सोड! मला कधी कुणी श्वास कसा सोडायचा ते सांगितलं नाही.

घरी जाताना मी आईला विचारलं, "मला का नाही शिकवलंस?"

"काय?"

"बेतायला."

ती चालता चालता थांबली. माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं मी परदेशी भाषेत बोलले. "तुला कात्री दिली असती तर पदवी कुणी आणली असती? मामाने?"

"दोन्ही जमलं असतं."

"मला नाही जमलं," आई म्हणाली आणि पुढे निघाली.

तिला काय जमलं नाही ते तिने सांगितलं नाही. मनगटाचं म्हणत असावी. दोन दिवस दुखतंय.


५ ऑक्टोबर

मंचात आज धुसफूस. राजधानीने कायद्यात जोड लावली आहे. वस्तीसभेच्या आधी नोंदणी खात्याची माणसं कामाच्या जागी येऊन तपासणी करणार. पूर्वसूचना नाही. आणि तपासणीपासून सभेपर्यंत त्या माणसाला काम करायला बंदी.

सर कधी आवाज चढवत नाहीत. आज चढवला. "आपण दार मागितलं होतं. यांनी घरात पहारेकरी आणून बसवला! सरकारच्या हातात काठी दिली की ते आधी शेजारच्याला मारत नाही, ज्याने दिली त्यालाच हाणतं."

मी म्हटलं, "पण सर, ज्याचं सगळं चोख आहे त्याला भ्यायचं काय कारण?"

"हे वाक्य मी माझ्या तरुणपणी बोललो होतो," सर म्हणाले.

मग कामाचं निघालं. आपल्या भागातली पहिली सभा कुणाची घ्यायची, नाव मंचाने सुचवायचं आहे. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच आपल्या ओळखीचं नाव द्यायचं नव्हतं. ही वृत्ती मला आवडत नाही. दुसऱ्याला नियम सांगायचे आणि आपलं झाकून ठेवायचं! मी म्हटलं, "आमच्या दुकानात आहे एक. माझ्या घरापासून सुरुवात करा."

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या.

सर मात्र म्हणाले, "आईला विचारलंस?"

"सांगते."

तत्त्व म्हणजे तत्त्व. आधी स्वतःला लागू करावं, मग जगाला. रात्रीपर्यंत मला फार हलकं वाटत होतं. आईला सांगायचं राहिलं, ती दमून लवकर झोपली.


११ ऑक्टोबर

खात्याची दोन माणसं आज दुकानात आली. मी नेमकी तिथेच होते.

मला वाटलं होतं कागद बघतील, सही घेतील, जातील. त्यांनी सगळे कप्पे उघडले. तयार गणवेशांची चळत जमिनीवर ठेवली, मामाने नुकतीच इस्त्री केलेली. पाहुणीला भिंतीशी उभं केलं आणि विचारलं, तू झोपतेस कुठे, पैसे कुणाला पाठवतेस, लग्न का नाही केलंस. शेवटचा प्रश्न कायद्यात नाही. मी कायदा पूर्ण वाचलेला आहे.

मग त्यातला धाकटा आईकडे वळला. "तुमचा रहिवासी दाखला?"

"माझा?"

"दुकान कुणाचं आहे?"

"बाळा," आई म्हणाली, "तुझ्या शाळेचा शर्ट बहुतेक मीच शिवला असेल. आणि माझ्या दुकानात उभा राहून तू मला विचारतोस, मी कोण?"

"प्रत्येकाला विचारावं लागतं, बाई."

मामा म्हणाला, "घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. साहेब, इस्त्रीचाही दाखला बघता का? परदेशी कंपनीची आहे."

कुणी हसलं नाही. जाताना दोघांतल्या थोरल्याने सांगितलं, सभेपर्यंत हिने कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. आई म्हणाली, "शाळा पुढच्या आठवड्यात सुरू होतेय. माझं मनगट चालत नाही. मी कापड बेतू कशी?"

"ते तुमच्या मंचाला विचारा. नाव त्यांच्याकडूनच आलंय."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. खाली बसून ती शर्ट उचलायला लागली. पाहुणी तिच्या मदतीला वाकली आणि मध्येच थांबली, हात तसाच हवेत. शर्ट उचलणं कामात धरतात की नाही, तिला कळेना. मलाही सांगता आलं नाही. कायद्यात व्याख्या दिलेली नाही.

रात्री जेवताना आई काहीच बोलली नाही. मला नेहमीसारखं आधी वाढलं. म्हणजे तिला फार राग आला नसावा.


१२ ऑक्टोबर

आई अजूनही काही बोललेली नाही.


१४ ऑक्टोबर

दुकानात दोन दिवस कात्री बंद, म्हणून मशीनही बंद. सकाळी मी आईला म्हटलं, "मी बेतते. तू सांग, मी कापते."

आईने बराच वेळ माझे हात बघितले. मग कात्री दिली. जड असते. मला वाटलं होतं त्यापेक्षा जड.

आईने बाहीचा नमुना दिला, खडूने आखायला सांगितलं, आणि तेवढ्यात शाळेची बाई आली म्हणून ती बाहेर गेली. मी थांबले नाही. कापडाचे थर टेबलावर पसरले, सगळे नीट सुलट बाजू वर करून, कडेला कड जुळवून. आखलं. श्वास सोडला. कापलं. एकदाही कात्री थांबू दिली नाही. बाह्यांची चळत इतकी सुबक झाली की मला रडूच यायचं बाकी राहिलं. पाहुणी कोपऱ्यात स्टुलावर हात बांधून बसली होती आणि माझ्याकडे टक लावून बघत होती. बघू दे म्हटलं.

आई आली. वरची बाही उचलली, खालची उचलली, मधली काढली. मग टेबलाला हात टेकून उभी राहिली.

"सगळ्या डाव्या आहेत," ती म्हणाली.

थर समोरासमोर ठेवायचे असतात. सुलटीवर सुलट. म्हणजे एक डावी पडते, एक उजवी. हे कुणी मला सांगितलं नव्हतं. ज्यांना शिकवतात त्यांना सांगतात.

मामाने एक बाही हातात चढवली. "हरकत नाही. अख्खी शाळा डावखुरी करून टाकू. मास्तरांना सांगू, उजवा हात सरकारजमा झालाय."

आणि आई हसली. तोंडावर हात न धरता. तीन दिवसांनी पहिल्यांदा. मीही हसले असते, पण मला पाहुणी दिसली.

"तुला दिसत होतं?" मी तिला विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगणं म्हणजे काम. मला बंदी." जरा थांबून ती म्हणाली, "आणि तू इतकी खूश होतीस. मला मजा वाटत होती."

निदान खरं बोलली. ती काही गरीब गाय नाही, हे मी आईला कधीपासून सांगतेय.

नवं कापड आणलं. आईने बांधलेल्या हातानेच बेतलं. संध्याकाळी तिला कप उचलता येत नव्हता.


१९ ऑक्टोबर

आज पाहुणीशी भांडण झालं. दुकानामागच्या नळावर. आई, मामा कुणी नव्हतं.

ती म्हणाली, "तू मला घालवणार. परवा."

"मी नाही. सभा ठरवेल."

"नाव तू दिलंस."

"कुणीतरी द्यायलाच हवं होतं."

"मग स्वतःच्या तोंडाने सांग ना, माझा राग का? मी तुझं काय घेतलं?"

मी म्हटलं, हा प्रश्न व्यक्तीचा नाही, देशाच्या ओळखीचा आहे. माणसं इतक्या वेगाने आली तर त्यांना आपलंसं करायला वस्तीला वेळ मिळत नाही. हे मी मनापासून मानते, अजूनही.

तिने बादली खाली ठेवली. "देश. बरं. आता माझं ऐक. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी ऐकते. माझी मुलगी असं म्हणाली. माझ्या मुलीने हे लिहिलं. माझी मुलगी इतकं भराभर वाचते की पानं फाटतील. तुझं पत्रक तिने मशीनच्या वर लावलंय. वाचता येत नाही मला, तर तिने मला वाचून दाखवलं. उंबरा, उंबरा. तीनदा! कान किटले माझे. मीही कुणाची तरी मुलगी आहे, पण माझ्याबद्दल असं कुणी बोललं नाही."

मी म्हटलं, "खोटं बोलू नको. आई घरी कधी माझं नाव काढत नाही."

"घरी तू असतेस," ती म्हणाली.

मला वाटतं, सभेत माझी सहानुभूती मिळावी म्हणून तिने हे रचलं. पण पत्रक मशीनच्या वर आहे. मी जाऊन बघितलं. आधी दिसलं होतं तेव्हा मला वाटलं, आईने ते खिडकीची फट बुजवायला लावलं असेल.


२१ ऑक्टोबर, सकाळ

आज सभा.

आईने माझा कुडता इस्त्री करून ठेवला होता. मामाकडून नाही, स्वतः. घालताना मागून कॉलर सरळ करत म्हणाली, "तुझी हरकत आहे ना?"

"माहीत नाही, आई."

"उभी राहणार असशील तर सरळ राहा. पोक काढू नको. घाबरलीस की खांदे पाडतेस."

याचा अर्थ काय घ्यायचा?


२१ ऑक्टोबर, संध्याकाळ

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. वस्तीतली बरीच माणसं आली होती, काही नुसती गंमत बघायला. टेबलाशी मध्ये सर, शेजारी लिहून घ्यायला खात्याचा माणूस. पाहुणी पुढे उभी. केस इतके घट्ट बांधले होते की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत होत्या.

तिच्या बाजूने आधी मामा बोलला. "मुलगी चांगली आहे. गाते वाईट. पण गाण्यावर बंदी घालायची तर आधी माझ्यावर घाला." मग आई उठली. तिला चार माणसांत बोलायची सवय नाही. मला वाटलं होतं, ती सांगेल, हिच्याशिवाय दुकान चालत नाही. ते ती बोललीच नाही. म्हणाली, "ही आली तेव्हा मी तिला माझ्या दुकानाचे नियम सांगितले. तिने पाळले. चुकली तिथे मी ओरडले, तिने ऐकून घेतलं. उलटही बोलली. मला तरी माणूस ओळखायची दुसरी रीत माहीत नाही."

सरांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

समोरच्या बटणांच्या दुकानाचा मालक उठला. नाव सांगितलं. "माझा या पोरीवर राग नाही. पण माझी मुलगीही शिवते, दोन गल्ल्या सोडून राहते. तिला कुणी विचारलं का? आपल्या माणसाला आधी विचारावं, एवढंही मागायचं नाही का आता?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. त्याचं बरोबर होतं. माझ्या पत्रकातलंच होतं.

आई म्हणाली, "नाही विचारलं. विचारायला हवं होतं. उद्या मी तुमच्या घरी येते. पण ही चूक माझी आहे. तिची शिक्षा हिला देऊ नका."

तो खाली बसला. समाधानाने नाही, पण बसला.

"आणखी कुणाची हरकत?" सरांनी दुसऱ्यांदा विचारलं. मग तिसऱ्यांदा. तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, मुद्दाम.

मी उभी राहिले. खांदे सरळ. नाव सांगितलं.

"मला हरकत आहे."

खात्याच्या माणसाने पेन उघडलं. "कारण?"

मी तयारी केली होती. मुद्दे होते, वाक्यं होती, उंबरा होता. पण कायदा म्हणतो, हरकत तोंडावर सांगायची, आणि ती समोर होती, वर ओढलेल्या भुवयांची. तिच्या तोंडाकडे बघताना त्यातलं एकही वाक्य तिला लागू पडेना. बटणवाल्याचं कारण त्याचं होतं. माझं कारण काय? खोटं बोलायचं नव्हतं. हा कायदा मला प्रिय आहे.

"ती माझ्या आईला आई म्हणते," मी म्हटलं.

क्षणभर कुणालाच समजलं नाही. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा हॉल हसायला लागला. माझे कान तापले. मी तरी बसले नाही. म्हटलं, "हसू नका. आई तिला ओरडते, शिकवते, तिच्या चुकांवर हसते. तिच्यासाठी पांढरा दोरा आणायला उन्हात जाते. ती आजारी होती तेव्हा आई माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्याकडे बसली होती. हे सगळं मी बघते. रोज बघते. मला हरकत आहे."

खात्याचा माणूस म्हणाला, "हे कारण यादीत बसत नाही, बाई."

"थांबा," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सभेने ठरवायचा प्रश्न काय आहे? ही व्यक्ती इथे कुणाची तरी झाली आहे का. यापेक्षा भक्कम साक्ष मी तरी ऐकलेली नाही. हरकत नोंदवू नका. साक्ष म्हणून लिहा."

"पण ती विरोधात बोलली!"

"म्हणूनच," सर म्हणाले.

हात वर झाले. बटणवाल्याचा झाला नाही, त्याच्या बायकोचा झाला. पाहुणीला राहायची परवानगी मिळाली. तिने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. आई तिच्याकडे गेली.

आधी तिच्याकडे गेली. हे मी बघितलं.


२२ ऑक्टोबर

काल घरी येताना मामा म्हणाला, "वस्तीच्या देखत आईची वाटणी मागणारी तूच पहिली." आई म्हणाली, "गप रे." नंतर बऱ्याच वेळाने, रस्ता ओलांडताना, तिने माझा हात धरला. मी लहान असताना धरायची तसा, मनगटाजवळ. पलीकडे गेल्यावरही सोडला नाही. गर्दी होती म्हणून असेल.

नाव देताना विचारलं का नाहीस, एवढं तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, तू नाही म्हणाली असतीस. "म्हणाले असते," आई म्हणाली. "माझ्या घराचं दार मी उघडायचं. तूही नाही, सरकारही नाही." मी माफी मागितली. तिने मान हलवली. या वेळी तोंडात टाचण्या नव्हत्या.

सरांनी मला राजधानीला पाठवायचं निवेदन लिहायला सांगितलं आहे. तपासणी आणि कामबंदी रद्द करा, वस्तीसभा ठेवा. मी दुकानात जे बघितलं ते सगळं त्यात घातलं, हवेत थांबलेला हातसुद्धा. सरांनी या वेळी एकही वाक्य खोडलं नाही.


१५ नोव्हेंबर

आई शब्दाप्रमाणे बटणवाल्याकडे गेली होती. त्याची मुलगी आता सकाळी येते. फारशी बोलत नाही. तिच्याबद्दल मला काही वाटत नाही, हे लिहून ठेवते.

पाहुणीला आता नागरिकत्वाची परीक्षा द्यायची आहे. आपली भाषा लिहिता यायला हवी, इतिहास यायला हवा. शिकवणार कोण? घरात पदवीधर एकच. आईने मला विचारलं नाही, नुसती पाटी आणून माझ्यासमोर ठेवली.

म्हणून संध्याकाळी तासभर ती आमच्याकडे असते. शिकते भराभर, आणि मला ते आवडत नाही. अक्षर तर माझ्यापेक्षा वळणदार. आज तिने देशाच्या स्थापनेचं सगळं एका दमात सांगितलं आणि आतून आई म्हणाली, "वा!" मला पदवी मिळाली तेव्हा 'वा' नव्हतं. मी लगेच अवघड प्रश्न काढला. ती चुकली. मला बरं वाटलं. मग तोच भाग तिला दोनदा समजावून सांगितला, कारण परीक्षेत तो येतो.

"तू मुद्दाम विचारतेस," ती म्हणाली.

"हो."

"ठीक आहे. परीक्षेत पण मुद्दामच विचारणार." आणि पुन्हा पाठ करायला बसली.

तेवढ्यात आईने आतून हाक मारली, "या गं, वाढलंय." दोघींना एकाच हाकेत. आमचं जेवायचं टेबल भिंतीला लावलेलं आहे, आईच्या शेजारी एकच जण बसू शकतो. पाहुणीने पाटी ठेवली. मीही उठले. आम्ही दोघी घाईत नव्हतो असं दाखवत दारापर्यंत गेलो. दारातून एकावेळी एकच जण जातो.

मी आधी पोहोचले.

"उद्या बघते," ती समोर बसत म्हणाली.

बघू दे. घर माझं आहे, मला वाट पाठ आहे.